सायकॉलॉजी नवीन घेतलीय? आधी एवढंच बघ

अरे घाबरू नकोस, पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच डोकं गरगरतं. वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1879 ला लाइपझिगमध्ये सायकॉलॉजीची लॅब काढली वगैरे सनावळी नंतर आपोआप बसते, आधी मेथड्स (संशोधन कसं करतात ते) पक्क्या कर, मार्क तिथेच जातात.

एकच प्रयोग घेऊन बस, मानसशास्त्रज्ञ बंडुराचा 1961 चा बोबो डॉल घे. 72 मुलं, काहींनी मोठ्या माणसाला त्या फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलं, काहींसमोरचा माणूस शांत खेळत होता, काहींनी कुणालाच नाही पाहिलं. मग मुलं स्वतः किती मारामारी करतात ते बघितलं. आता वहीत लिही, संशोधकाने बदललं काय (स्वतंत्र चल), मोजलं काय (परतंत्र चल) आणि तो तिसरा गट कशाला ठेवला. हे स्वतःच्या शब्दांत जमलं ना की अर्धं युनिट झालं समज.

नवीन पोरं हमखास चुकतात ते:

- सहसंबंध (दोन गोष्टी सोबत बदलणं) म्हणजे कारण नव्हे. जास्त मोबाइल बघणाऱ्यांची झोप कमी निघाली तर मोबाइलनेच झोप उडाली असं लगेच लिहू नको, झोप येत नाही म्हणूनही माणूस मोबाइल बघत बसतो की.
- निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा नाही!! कारमध्ये बेल्ट लावला की ती टुंग टुंग थांबते, म्हणून पुढच्या वेळी आपण पटकन लावतो. नकोसं काहीतरी गेलं आणि वागणं वाढलं. मी एफवायला हे उलटं लिहून आलेलो.
- रँडम म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं. रँडम सँपलिंग माणसं निवडताना, रँडम असाइनमेंट त्यांना गटात टाकताना.

स्टॅटिस्टिक्सच्या टेस्ट आत्ता बघूच नको. आणि फ्रॉइड वाचून मित्रांच्या स्वप्नांचे अर्थ सांगत सुटू नको, तो मोह सगळ्यांनाच होतो.