वाचक विचारतात: टाकीवर यूव्ही ट्यूब लावू का?

प्रश्न: सर नमस्कार. मी कागल तालुक्यातला, घरामागं शेडमध्ये स्पिरुलिनाच्या (खायच्या शेवाळाच्या) दोन टाक्या आहेत. एका व्हिडिओत बघितलं की यूव्ही लाईट दिला की शेवाळात किमती कंपाउंड वाढतात. जुन्या वॉटर फिल्टरची यूव्ही ट्यूब घरात पडलीय, ती टाकीवर टांगू का? नायतर शेडवरचा प्लास्टिकचा कागद काढून डायरेक्ट ऊन देऊ?

उत्तर: भावा, ती ट्यूब पहिली बाजूला ठेव. फिल्टरमधली ट्यूब यूव्ही-सी, म्हणजे यूव्हीतला सगळ्यात जहाल प्रकार असते, २५४ नॅनोमीटरची, ती बनवलीच आहे जंतू मारायला, आणि स्पिरुलिना म्हणजे तसं बघायला गेलं तर एक प्रकारचा बॅक्टेरियाच, सायनोबॅक्टेरिया. म्हणजे तू तुझंच पीक मारणार. शिवाय उघडी ट्यूब पेटवून खाली काम केलंस तर शिरोलीच्या वेल्डिंगवाल्यांना आर्क लागतो ना, तसे डोळे रात्रभर टोचत बसतील.

आता व्हिडिओवाला पूर्ण खोटं बोलत नाही, अर्धं सांगतोय. उन्हात यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर) आणि थोडं यूव्ही-बी (२८० ते ३१५) असतं, यूव्ही-सी वर ओझोनमध्येच अडतं. यूव्ही-बी पेशीच्या डीएनएला आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला मार देतं, मग शेवाळ वाढायचं सोडून दुरुस्तीच्या आणि बचावाच्या मागं लागतं, आणि ज्याला आपण किमती माल म्हणतो त्यातला बराचसा हा बचावाचाच माल असतो. ड्युनालिएला नावाचं शेवाळ बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य साठवतं, हिमॅटोकोकस नावाचं शेवाळ लालभडक अ‍ॅस्टॅझॅन्थिन. पण ते करताना वाढ मंदावते, म्हणून हिमॅटोकोकसवाले आधी सावकाश हिरवं पीक वाढवून घेतात आणि मग शेवटी कडक उजेड देऊन, पाण्यातला नायट्रोजनचा पुरवठा तोडून लाल करतात. त्यात यूव्ही द्यायचंच झालं तर यूव्ही-ए, ते पण मोजून, कारण त्यानं रंग वाढतो आणि नुकसान त्यामानानं कमी.

तुझ्या स्पिरुलिनात मात्र पैसा आहे फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचा आणि प्रोटीनचा, आणि फायकोसायनिन उजेडाला नि उष्णतेला लय नाजूक. यूव्ही जास्त झालं की हिरवा-निळा रंग पिवळट पडायला लागतो. मायक्रोस्कोपखाली बघितलंस तर स्प्रिंगसारख्या वळलेल्या दोऱ्या सरळ होतात, तुटतात, आणि हे तुकडे गाळायच्या कापडातून निसटून पाण्यात जातात, म्हणजे टाकी हिरवी दिसते पण कापडावर माल कमी. पेशी फुटल्या तर गाळलेलं पाणीच निळसर येतं, ते दिसलं की समज आपला रंग गटारात चाललाय.

म्हणून कागद काढू नकोस. पॉलिहाऊसचा यूव्ही स्टॅबिलाइज्ड कागद बरंचसं यूव्ही अडवतो, वर धूळ, पाऊस, पक्ष्यांची घाण पण थांबते. मे महिन्यात कोल्हापुरात दुपारी सूर्य पार डोक्यावर असतो, तेव्हा शेडनेट टाक, पाणी ३५ डिग्रीच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि पाणी ढवळायचं पॅडल चालू ठेव. पॅडल का, तर दाट टाकीत यूव्ही वरच्या थरातच शोषलं जातं, तळापर्यंत पोचत नाही, मग ढवळलं नाही तर वरचंच शेवाळ सगळा मार खातं. ट्यूबच्या पैशात पीएच मीटर घे, माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: पावसाळ्यानंतर टेरेसच्या कठड्यावरचं शेवाळ काळं पडतं, ते उन्हानं मेलेलं असतं का? (राजारामपुरी)

उत्तर: बहुतेक वेळा नाही. त्यात सायनोबॅक्टेरिया असतात, ते आपल्या आवरणात सायटोनेमिन नावाचं पिवळट-तपकिरी रंगद्रव्य भरतात, ते यूव्ही-ए शोषतं आणि वाळल्यावर काळं दिसतं. एक चांगली सर आली की परत हिरवं होतं. त्यामुळं ब्रश मारायचाच असेल तर पाऊस व्हायच्या आधी मारा, नंतर घसरायला होतं.