डी ड्राइव्हवरचे फोटो शिफ्ट-डिलीटने गेले, कोणतं रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या साठीशांतीचे कॅमेऱ्यातले सुमारे ४० जीबी फोटो आणि व्हिडिओ लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर होते, शिफ्ट-डिलीट झाले, रिसायकल बिनमध्ये नाहीत. आता कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअरकडे नंतर येऊ. आधी डी ड्राइव्हला हात लावणं बंद करा. त्यावर नवीन काही कॉपी नको, डाउनलोडही नको. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक फोल्डर डीवर असेल तर सिंक थांबवा. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, फाइल डिलीट होते तेव्हा एमएफटी या नोंदवहीत तिच्या नोंदीवर फक्त ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि तिची जागा मोकळी धरली जाते. फोटोचा डेटा जागच्या जागी असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही, फुकटचंही नाही आणि महागडंही नाही. याच कारणासाठी चेकडिस्क चालवू नका. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करतं, तुमच्या फाइल्स वाचवणं हे त्याचं काम नव्हे.

आता ड्राइव्ह कोणत्या जातीचा आहे ते बघा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये गेलात की डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं दिसतं. एसएसडी असेल तर आशा कमी धरा. विंडोज ७ पासून फाइल डिलीट होताच विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’चा आदेश देते, मग एसएसडी ते ब्लॉक आतल्या आत साफ करते. त्यानंतर बहुतेक एसएसडींमध्ये त्या जागी वाचायला शून्यंच मिळतात. एकदा स्कॅन करून बघायला हरकत नाही, पण त्यासाठी पैसे भरू नका. आणि ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ची खिडकी उघडून ऑप्टिमाइझचं बटण दाबू नका, कारण एसएसडीवर ते बटण पुन्हा ट्रिमच करतं.

हार्ड डिस्क असेल तर चित्र बरंच चांगलं आहे. मात्र टक-टक असा आवाज येत असेल तर लॅपटॉप बंद करा, तिथे सॉफ्टवेअरचं काम संपलं. आवाज नसला तरी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांची, रॉ व्हॅल्यू बघा. ती शून्य नसेल तर थेट स्कॅन करू नका. लिनक्सवरून डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या आणि शोध त्या इमेजवर घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर तास न् तास स्कॅन म्हणजे तिला शेवटचा धक्का.

डिस्क ठणठणीत असेल तर रिकुव्हा हे रिकव्हरी सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर टाका. फाइल्स डीवरच्या आहेत, त्यामुळे सीवर टाकलेलं चालतं. सीवरच्याच फाइल्स गेल्या असत्या तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायला सांगितलं असतं. पहिला स्कॅन साधा करा, तो एमएफटीतल्या जुन्या नोंदी वाचतो आणि काही मिनिटांत संपतो. यात मूळ नावं आणि फोल्डर मिळतात, म्हणून याचं मोल मोठं. ऑप्शन्समध्ये फोल्डर स्ट्रक्चर रिस्टोअर करण्याची खूण करायला विसरू नका. फाइल शाबूत आहे असं सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर फार भरवसा नको, प्रिव्ह्यूमध्ये फोटो दिसतोय का ते बघा. रिकव्हर केलेलं सगळं बाहेरच्या डिस्कवरच जाऊ द्या. डीवरच रिकव्हर केलं तर पहिले १०० फोटो परत येताना पुढच्या १०० फोटोंवर जाऊन बसतील. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच.

नोंदीच नाहीशा झाल्या असतील तर फोटोरेक वापरा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडली की चालतं. ते नोंदवही बघत नाही, डिस्कचे सेक्टर म्हणजे छोटे कप्पे वाचत जातं आणि फाइलची सुरुवात ओळखतं. जेपीजीची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, त्यावरून. क्यूफोटोरेक ही खिडकीवाली आवृत्ती उघडा, डिस्क आणि डीचं पार्टिशन निवडा, फाइल सिस्टिममध्ये एनटीएफएसचा पर्याय ठेवा, शोध ‘फ्री’ म्हणजे फक्त मोकळ्या जागेत घ्या. फाइल फॉरमॅट्समधल्या सगळ्या खुणा काढून फक्त जेपीजी आणि ‘एमओव्ही’ ठेवा, एमपी४ व्हिडिओ त्याच एमओव्हीखाली येतात. खुणा तशाच ठेवल्यात तर ब्राउझरच्या कचऱ्यासकट हजारो फाइल्स गळ्यात पडतील. १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास जातात. चार्जर लावा आणि स्लीप बंद करा.

फोटोरेकमधून नावं परत येत नाहीत. एफ आणि पुढे आकडा अशी नावं मिळतात, टीने सुरू होणाऱ्या बारक्या फाइल्स थंबनेल असतात, त्या उडवल्या तरी चालेल. एक्सप्लोररमध्ये ‘डेट टेकन’चा कॉलम लावून समारंभाची तारीख वेगळी काढा. काही फोटो अर्धे करडे दिसतील. ती फाइल डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली होती आणि फोटोरेकला पुढचा तुकडा सापडला नाही. मोठ्या व्हिडिओंचं असं जास्त होतं. अशा वेळी एमएफटीतून तुकडे जोडणारं डीएमडीई वापरून बघा.

पैशांचं सॉफ्टवेअर घ्यायचंच झालं तर आधी त्याच्या ट्रायलमध्ये तुमचा एखादा फोटो पूर्ण आकारात उघडून बघा. नुसती फाइल्सची यादी दिसली म्हणून पैसे भरू नका. क्रॅक केलेल्या आवृत्तीच्या वाटेला तर जाऊच नका.

आणि या सगळ्याआधी कॅमेऱ्याचं कार्ड शोधा. नंतर फॉरमॅट करून त्यावर थोडेच फोटो काढले असतील, तर लॅपटॉपपेक्षा तिथेच जास्त मिळण्याची शक्यता आहे. कॅमेरा फोटो बहुधा ओळीने लिहितो, तुकडे कमी पडतात, त्यामुळे कार्डावर फोटोरेक छान चालतं. कार्ड कॅमेऱ्यात घालू नका, रीडरमध्ये लावा. कार्डाच्या कडेला लॉकचं बटण असेल तर ते आधी सरकवा.