टॉर्क कन्व्हर्टर बसवताना घाई नको

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनला लावण्याआधीच कन्व्हर्टर (ऑइलच्या जोरावर इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा गोल भाग) त्यात पूर्ण बसला पाहिजे. कन्व्हर्टरमध्ये आधी साधारण लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओत, हब (कन्व्हर्टरची पंपात शिरणारी नळी) आणि गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या सीलला तेच ऑइल लाव. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत उघड्या शेडखाली काम करत असशील, तर हब आधी पुसून घे. तिथली धूळ सील खाते.

गिअरबॉक्स शक्यतो उभा ठेव. कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत सोड. बहुतेक गाड्यांत तो टप्प्याटप्प्याने 'खट' करत उतरतो: स्टेटर आणि इनपुट शाफ्टच्या खाचा (स्प्लाइन), शेवटी पंप. हा शेवटचा खटका बहुतेक जण सोडतात. म्हणून बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सचं इंजिनकडचं रुंद तोंड) सरळ पट्टी ठेवून कन्व्हर्टर किती खोल बसलाय ते मोज आणि मॅन्युअलशी ताडून बघ.

गिअरबॉक्स इंजिनला हाताने चिकटलाच पाहिजे. फट राहिली तर बोल्टने ओढू नकोस बाबा, पंप फुटतो! बाहेर काढ, पुन्हा बसव. बोल्ट आवळल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरावा, फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या क्रँकशाफ्टला लावलेली पातळ चकती) साधारण 3 ते 5 मिमी अंतर राहावं. मग कन्व्हर्टर पुढे ओढून फ्लेक्सप्लेटला त्याचेच बोल्ट लाव; जास्त लांब बोल्ट कन्व्हर्टरला आतल्या बाजूला पोचे पाडतो. जुना गिअरबॉक्स जळाला असेल तर त्याचं ऑइल थंड करणारा कूलर आतून धुऊन (फ्लश) घेतल्याशिवाय गाडी चालू करू नकोस.