दान्तेच्या केसांतली हिरवी भुकटी

प्रश्न : जुन्या बाजारातून इटालियन कवी दान्ते आणि त्याची प्रेरणा बियात्रिचे यांच्या अर्धपुतळ्यांची बुकएंडची (पुस्तकांच्या दोन टोकांना लावायच्या टेकूंची) जोडी घेतली. विकणारा म्हणाला, भरीव कांस्य. चुंबक चिकटत नाही. उंची 14 सेंटिमीटर, वजन प्रत्येकी 900 ग्रॅम. विहिरीच्या पाण्यानं धुतली, तर महिन्याभरात केसांच्या खाचांत फिकट हिरवी भुकटी आली. चिंचेनं घासू का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. जुना तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही आणि जोडीची किंमतही उतरते.

चुंबक चिकटला नाही यावरून एवढंच कळतं, की आत बिडाचं लोखंड नाही. ‘जेबी’ (जेनिंग्ज ब्रदर्स या कंपनीच्या) खुणेच्या अमेरिकन जोड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांनाही तो चिकटत नाही. पण जस्तावर पांढरट भुकटी येते. हिरवी म्हणजे तांबं आहेच. प्रश्न किती, हा. या मापाचं भरीव कांस्य दोन किलोच्या खाली क्वचितच भरेल. तुमची जोडी एकतर आतून पोकळ, नाहीतर प्लास्टरवर तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली. नखानं टिचकी मारा : धातू वाजतो, प्लास्टर बद्द बोलतं. तळाचं फेल्ट (चिकटवलेलं जाड लोकरी कापड) एका कोपऱ्यात उचकटलं तर, आत प्लास्टर असल्यास, ते पांढरं दिसेलच.

आता भुकटी. तुमचा भाग खारपाण पट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड खाचांत सुकलं. हवेतल्या ओलाव्यानं त्याचं आम्ल होतं, ते धातू खातं, पुन्हा क्लोराइड सुटतं. नुसतं कोरडं पुसून हे चक्र थांबत नाही. (कूलरसमोरच्या फडताळात ठेवली असेल तर आधी हलवा. पाणी तेच, फवारा वेगळा.)

बांबूच्या टोकदार काडीनं भुकटी खरवडा. तारेचा ब्रश नको. प्लास्टर असेल तर बुडवू नका, ते पाणी शोषून मऊ पडतं. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात कापूस भिजवून, घट्ट पिळून पुसा. ते पाणीच घ्या, बॅटरीचं आम्ल नव्हे! पोकळ धातू असेल तर याच पाण्यात बुडवून रोज पाणी बदला. निदान दोन-तीन आठवडे लागतात. मग झाकणाच्या डब्यात 200 ग्रॅम सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) आठवडाभर ठेवा.

शेवटी मेणाचा संरक्षक हात द्यायचा, पण त्याची घाई इथंच नडते : ओल आत कोंडली की भुकटी मेणाखालून वर येते. म्हणून आधी सिलिका जेल काढून डब्यात ओल्या कापसाची वाटी ठेवून, पुतळ्याला न लावता, दोन दिवस पाहा. नवा ठिपका उठला तर पुन्हा पहिल्यापासून. नाही उठला तर परत सुकवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (धातूच्या वस्तू जपायला वापरतात ते बारीक कणांचं मेण) पातळ हात फिरवा.