जमिनीखालची टाकी बांधण्याआधी

रत्नागिरीतलं हे तुझं पहिलंच काम, म्हणून सांगतो. आधी हिशोब कर. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. छप्पर नि काँक्रीट मिळून 1000 चौरस मीटर झाकलंस आणि तासात 50 मिलिमीटर कोसळला, तर 50,000 लिटर पाणी. पूर्वी त्यातलं बरंच कातळाच्या भेगांत, आगरात मुरायचं. आता ते थेट खालच्या घराच्या पडवीत शिरणार.

हे पाणी तेवढ्यापुरतं अडवायला ही टाकी; ती साठवणीची नव्हे. पुढच्या सरीआधी ती रिकामी झालीच पाहिजे. म्हणून तळाशी मुद्दाम लहान तोंडाचा पाइप ठेवायचा, पाणी पऱ्यात, म्हणजे जवळच्या ओहोळात, हळूहळू जाईल असा. जादा पाणी निघून जायला वर सांडवाही हवाच. मालक म्हणेल, उन्हाळ्यासाठी भरून ठेवू. त्याला वेगळी टाकी दे.

खरी गोम भूजलात आहे. मे महिन्यात खड्डा कोरडा दिसतो, जुलैत शेजारची विहीर काठोकाठ भरते. अशा वेळी रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. माझी एक प्लास्टिकची टाकी अशीच फरशी फोडून वर आली होती, त्या दिवशी तोंड दाखवायला जागा नव्हती! पावसाळ्यातली विहिरीची पातळी आधी विचार; टाकी त्याखाली जात असेल तर काँक्रीटचं वजन नि वरची माती मिळून उचल पेलते का, ते तपास.

आत येणाऱ्या पाण्याला गाळाचा खड्डा दे, माणूस उतरेल एवढा. लाल माती नि आंब्याचा पाला बघता बघता पाइपचं तोंड बुजवतात.