बेने इस्राएली (कोकणातला ज्यू समाज) घराण्यांबद्दल कादंबरी नको, खरं लेखन हवं असेल तर सुरुवात कुठून करावी?

सादिया शेपर्ड यांच्या ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’पासून (2008) सुरुवात करा आणि मग हाईम सॅम्युएल केहिमकरांचा बेने इस्राएलींचा इतिहास घ्या, दोन्ही इंग्रजीत आहेत. शेपर्ड यांची आजी जन्मानं बेने इस्राएली. मुस्लिम माणसाशी लग्न करून ती फाळणीनंतर कराचीत राहिली. नात मुंबई आणि कोकणात येऊन आजीचं मूळ शोधते, त्यामुळे एकाच घरातले तीन धर्म आणि इस्रायलला जावं की इथंच राहावं हा समाजाचा पेच, दोन्ही जवळून दिसतात. माझ्या मते हे आधी वाचलेलं बरं, कारण माणसं ओळखीची झाली की केहिमकरांमधले तपशील जड जात नाहीत. केहिमकर स्वतः याच समाजातले. त्यांनी 1897 मध्ये पूर्ण केलेलं हस्तलिखित थेट 1937 मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. गावावरून पडलेली ‘कर’ आडनावं, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव, सणवार, लग्नाच्या रीती: हा भाग मात्र सावकाश वाचा, आपल्याकडच्या चालीरीती जागोजाग भेटतील. फक्त कोकणातल्या नौगावजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, ही कथा परंपरा म्हणूनच घ्या. त्या काळचा लेखी पुरावा तिला नाही, आणि केहिमकर घरचेच असल्यानं समाजाची बाजू मांडण्याकडे त्यांचा कल आहे.