सहावा महिना चालूय आणि ले-ऑफच्या यादीत नाव आलंय, मॅटर्निटीचे पैसे बुडणार का?

मी समुपदेशनाचं काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे आजकाल फार येतो, विशेषतः आयटीतल्या मुलींकडून. नोकरी जाणार हे एक टेन्शन, पण त्याच्या मागे खरी भीती ही असते की नोकरीबरोबर सव्वीस आठवड्यांची पगारी रजा पण गेली, मग डिलिव्हरीचा खर्च कसा, हप्ते कसे, आणि एवढं पोट घेऊन नवीन नोकरी देणार कोण. म्हणून एक केस सविस्तर सांगते, तिला विचारून सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती पुण्यात हिंजवडीला कामाला होती, चार वर्षं एकाच कंपनीत. पंचविसावा आठवडा चालू होता. तिच्या गायनॅकने माझ्याकडे पाठवलं कारण बीपी वर जायला लागलं होतं आणि रात्री दोन-तीन वाजता उठून ही लॅपटॉप उघडून बसायची. पहिल्या भेटीत अर्धा तास ती एकच गोष्ट बोलत होती, ताई माझंच चुकलं, आत्ता चान्स घ्यायलाच नको होता, ले-ऑफ चालू होणार हे दिसत होतं ना सगळ्यांना. सासूबाई म्हणत होत्या जाऊ दे गं ती नोकरी, बाळ महत्त्वाचं. नवरा म्हणत होता भांडू नकोस, मार्केट छोटंय, सगळे एकमेकांना ओळखतात. दोघंही प्रेमानेच बोलत होते, पण हिला काय पाहिजे ते कोणीच विचारलं नव्हतं.

झालं असं होतं की एचआरने व्हिडिओ कॉलवर बोलावून सांगितलं, तुमची पोझिशन राहिलेली नाही, शुक्रवारपर्यंत राजीनामा टाका, दोन महिन्यांचा पगार हातात देतो आणि रिलीव्हिंग लेटर क्लीन देतो, नाहीतर टर्मिनेशन येईल रेकॉर्डवर. तिने घाबरत विचारलं की मग माझ्या मॅटर्निटी लीव्हचं काय, तर उत्तर आलं, पोझिशनच नाही तर लीव्ह कसली.

मी वकील नाही, पण हे काम करताना एवढं पक्कं शिकलेय की पैशाची भीती खरी असते तेव्हा नुसतं 'श्वास घे, टेन्शन घेऊ नको' म्हणून भागत नाही, आधी समोर कागद ठेवावे लागतात. म्हणून मी तिला म्हटलं, राजीनामा लिहिलास का? नाही म्हणाली, ड्राफ्ट करून ठेवलाय. म्हटलं, मग अजून बरंच काही हातात आहे तुझ्या, तो ड्राफ्ट तसाच राहू दे.

तेव्हा 1961 चा मातृत्व लाभ कायदा लागू होता. त्यातलं कलम 12 गरोदर बाईच्या नोकरीबद्दल होतं आणि ते मी प्रत्येकीला स्वतः वाचायला लावायचे. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे बाई प्रसूतीच्या रजेवर असताना तिला काढणं बेकायदेशीर, आणि रजेच्या काळात संपेल अशी नोटीस देणंही बेकायदेशीर. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे गरोदरपणात कधीही कामावरून कमी केलं आणि तसं केलं नसतं तर तिला मॅटर्निटीचा लाभ मिळाला असता, तर कमी केल्यामुळे तो लाभ जात नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही कायद्यात बसणारा आणि लेखी आदेशाने. पोझिशन गेली, प्रोजेक्ट संपला, कॉस्ट कटिंग, यातलं काहीच गैरवर्तन नाही ना.

लाभ मिळायची अट म्हणजे डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं पाहिजे. तिचं चार वर्षांचं काम होतं, प्रश्नच नव्हता. 2017 च्या दुरुस्तीपासून रजा 26 आठवड्यांची झाली, त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. दोन किंवा जास्त मुलं असतील तर 12 आठवडे, त्यातले 6 आधी.

आता तिचं गणित बघा. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड 60 दिवसांचा लिहिलेला, आणि ती पंचविसाव्या आठवड्यात. म्हणजे उद्या जरी नोटीस दिली तरी ती चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास संपणार, आणि तिची रजा बत्तिसाव्यापासून सुरू होऊ शकते. म्हणजे नोटीस सरळ रजेच्या आत जाऊन संपते, जे कायद्याने करताच येत नाही. मी हे कॅलेंडरवर पेनने खुणा करून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या खुणांकडेच बघत बसली, मग म्हणाली, म्हणून त्यांना शुक्रवारच्या आतच राजीनामा पाहिजे होता. म्हटलं हो गं, त्यांच्या मनातलं मला माहीत नाही पण राजीनामा आला की 'आम्ही काढलं नाही, ती स्वतः गेली' असं म्हणायला मोकळे. कलम 12 चं संरक्षण काढून टाकलेल्या बाईला होतं, राजीनामा देऊन गेलेलीला तो दबावाखाली दिला हे सिद्ध करत बसावं लागतं.

आणि रकमेचं. तिचा पगार महिना 60 हजार, दोन महिन्यांचे 1 लाख 20 हजार म्हणजे मोठी मेहेरबानी वाटत होती तिला. 26 आठवडे म्हणजे जवळजवळ सहा महिने, ढोबळ 3 लाख 60 हजार, आणि ते तिच्या हक्काचे. डिलिव्हरीच्या आधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात आणि नंतरच्या काळाचे बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत, हे कायद्यातच लिहिलंय.

'पोझिशनच नाही तर लीव्ह कसली' हे वाक्य ज्यांना ऐकायला मिळतं त्यांनी सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट 2023 चा एक निकाल लक्षात ठेवा. दिल्लीत कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी एक डॉक्टर, तिने 1 जून 2017 पासून रजा मागितली, कॉन्ट्रॅक्ट 11 जूनला संपत होतं, म्हणून तिला फक्त 11 दिवसांचा लाभ मंजूर झाला. कोर्टाने सांगितलं की लाभ एकदा लागू झाला की तो कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली तरी पुढे चालू राहतो, आणि तिला पूर्ण पैसे द्यायला लावले. सहा वर्षं लागली तिला, हे मला फार लागतं, पण त्यामुळे बाकीच्या सगळ्यांना आज बोट ठेवायला जागा झाली.

तर आम्ही काय केलं. तिने प्रेग्नन्सीचं मॅनेजरला फक्त तोंडी सांगितलं होतं, चहाच्या ब्रेकमध्ये. मेलवर काहीच नाही. त्याच दिवशी तिने डॉक्टरचं सर्टिफिकेट घेतलं, त्यावर डिलिव्हरीची अपेक्षित तारीख, आणि एचआरला मेल टाकली, साध्या भाषेत, एकही रागाचा शब्द नाही. मी गरोदर आहे, अमुक तारखेपासून रजा घेणार आहे, आपल्या कॉलवर मला राजीनामा द्यायला सांगितलं गेलं, मी राजीनामा देत नाहीये, कंपनीचा जो निर्णय असेल तो कृपया लेखी कळवा. ही मेल लिहायला आम्हाला पूर्ण सेशन लागलं, कारण दर दोन ओळींनी तिचं 'सॉरी' आत यायचं. सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स. मी प्रत्येक वेळी विचारायचे, कशाबद्दल सॉरी गं? शेवटी तिनेच सगळे काढले. पे-स्लिप, अपॉइंटमेंट लेटर, अप्रेझलचे मेल हे तिने स्वतःकडे सेव्ह करून घेतले, कंपनीच्या कामाची एकही फाइल घेऊ नको हे मी बजावून सांगितलं, उगाच तेच कारण व्हायला नको.

अजून एक गोष्ट तिने मेलमध्ये विचारली जी बहुतेकजणी विसरतात, ग्रुप मेडिक्लेमचं, म्हणजे कंपनीने काढलेल्या आरोग्य विम्याचं कव्हर कुठल्या तारखेपर्यंत? नोकरी सुटली की ते बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी बंद होतं, आणि नवीन पॉलिसी घ्यायला गेलं तर मॅटर्निटीला वेटिंग पिरियड असतो. सिझेरियन झालं तर हा मुद्दा पगाराइतकाच जड पडतो.

पुढच्या भेटीला नवऱ्याला घेऊन ये म्हटलं, आला बिचारा. ते कॅलेंडर त्यालाही दाखवलं. त्याला वाटत होतं भांडण म्हणजे कोर्टकचेरी, ही एक मेल आहे हे कळल्यावर तोही शांत झाला. बीपीची गोळी चालूच राहिली, पण झोप लागायला लागली.

कंपनीकडून काही दिवस काहीच नाही, तो काळ सगळ्यात वाईट, रोज फोन यायचा तिचा. मग उत्तर आलं की रजा मंजूर, पूर्ण पगारी, मेडिक्लेम रजा संपेपर्यंत चालू, रजेनंतर पोझिशन राहणार नाही. म्हणजे नोकरी वाचली नाही. त्याचं दुःख तिला झालंच, चार वर्षं जीव तोडून काम केलं होतं तिने, आणि आम्ही पुढची काही सेशन्स त्यावरच बोललो. पण बाळ झालं तेव्हा घरात पैसा होता आणि सहा महिने नोकरी शोधायची घाई नव्हती.

आता तुमच्यासाठी. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीये, पण 80 दिवस, 26 आठवडे आणि गरोदरपणात काढण्याबद्दलच्या या तरतुदी त्यातही आहेत, त्यामुळे कोणी 'तो कायदा आता रद्द झाला' म्हणालं तर घाबरू नका. पगार 21 हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे कंपनीकडून नाही, ईएसआयकडून मिळतात, तिथे हिशोब तुमची वर्गणी किती दिवसांची भरली गेलीये त्यावर होतो, त्यामुळे आधी ईएसआयच्या शाखेत जाऊन या. कंपनी ऐकतच नसेल तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करता येते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर 15100 वर फोन करा.

आणि ज्यांनी घाबरून सही करून टाकलीये त्या मला विचारतात आता संपलं का. अवघड झालंय, संपलं नाही. राजीनामा दबावाखाली घेतला गेला हे आजच्या आज मेलवर लिहा, कोणी, कधी, कुठल्या कॉलवर काय म्हटलं ते सगळं तारखेसकट, आणि तेच कागद घेऊन या आठवड्यातच विधी सेवा प्राधिकरणात जा. जितका उशीर तितकं 'स्वतः सोडली' हे म्हणणं त्यांना सोपं जातं.